अर्ध्या कपाचं आभाळ

नागपूरच्या माणसाला उन्हाचा माज असतो. मी स्वतः त्यातलीच आहे, म्हणून सांगते. मे महिन्यात पुण्याच्या मावसबहिणीचा फोन आला की पेपरात छापलेल्या तापमानात मी मनानेच दोन अंश घालते, आणि वर म्हणते, "हे तर काहीच नाही, नवतपाचे नऊ दिवस यायचेत अजून." डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा, घरात कूलर आणि माठाशेजारी कैरीचं पन्हं, एवढ्या सामानावर आपण सूर्याला पुरून उरतो अशी आमची पक्की समजूत. बाबांचा हात गेला तो या समजुतीपायी. आणि माझ्यापायी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे सांगताना मी दहा ठिकाणी स्वतःची बाजू घेईन. मला माझा स्वभाव माहीत आहे.

बाबा शाळेत ड्रॉइंगचे मास्तर होते. ड्रॉइंगचा तास म्हणजे गणिताच्या बाईंनी उरलेला पोर्शन उरकायला घ्यायचा तास, अशा शाळेत त्यांनी सगळी नोकरी काढली. कुरकुर केली नाही. कुरकुरीचं खातं आईकडे होतं, नंतर ते माझ्याकडे आलं. रविवार मात्र त्यांचा. पहाटे स्कूटर काढायची, पाठीला बोर्ड, डिकीत रंगांची पेटी, पाण्याची कॅन आणि चहाचा थर्मास. सावनेरकडच्या रस्त्याला एका गावाच्या अलीकडे नाला आहे. नाल्याकाठी पळसाची तीन झाडं, पलीकडे कपाशीची वावरं, आणि लांब एक बुटकी टेकडी. बाबा तेवढंच काढत. चाळीस वर्षं तेवढंच. मी लहानपणी एकदा विचारलं होतं, कंटाळा नाही का येत? ते म्हणाले, "तेच कुठी असते वं? पाह्य ना नीट."

त्यांची एक पद्धत होती आणि ही सगळी गोष्ट तिच्यावरच उभी आहे, म्हणून जरा सावकाश सांगते. जलरंगात आधी आभाळ करायचं. कागद ओला करायचा, त्यावर निळा रंग डावीकडून उजवीकडे सोडायचा आणि मग हात आवरायचा. कागद अर्धवट वाळेपर्यंत शिवायचं नाही. फार ओला असताना शिवलं तर झाडं आभाळात वाहून जातात, फार वाळला तर कडक कडा येतात. दुसरे चित्रकार बोटाची मागची बाजू लावून ओल पाहतात. बाबा चहा ओतत. थर्मासच्या झाकणात एक कप, आणि तो आपल्या चालीनं प्यायचा. चहा संपला की आभाळ तयार. मग चित्राच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहायचं: तारीख, वेळ, वारा होता की नव्हता, आणि शेवटी, चहा एक.

चित्र अर्धवट राहिलं तर कारणही लिहीत. ही कारणं मला तोंडपाठ आहेत. म्हैस आडवी बसली, उठेना. स्कूटर पंक्चर. पळसाखाली पाहुण्यांची पंगत बसली. एका चित्रात नुसतं आभाळ आणि एका झाडाचं खोड आहे. मागे लिहिलंय, "पोरीले ताप, निघालो." तो ताप मला आठवत नाही. मी चार-पाच वर्षांची असेन. पण चित्र आहे, त्यामुळे ताप आला होता हे नक्की. बाबांनी मागच्या बाजूला कधी खोटं लिहिलं नाही.

पुढे पुढे त्या टिपणांत बदल झाला. चहा पाऊण. मग चहा अर्धा. बाबांना ती नुसती कटकट वाटायची. "आताचं आभाळ चहा पिऊ देत नाई बाप्पा," असं म्हणत ते उरलेला अर्धा कप गार करून घरी आणत. हे काही शास्त्र नाही हे मलाही कळतं. मध्ये थर्मास बदलला, कागदाचा कारखाना बदलला, आणि म्हातारपणी माणूस चहा सावकाश पितो. पण जानेवारीतल्या सकाळीसुद्धा मागे "अर्धा" लिहिलेलं दिसायला लागलं तेव्हा मलाही ती नुसती कटकट वाटेना. चित्रंही बदलली होती. नाला मार्चमध्येच आटून पांढरा पडायला लागला. टेकडीच्या बाजूला दुसरी टेकडी उगवली, कोळशाच्या खाणीतून काढलेल्या मातीची, आणि ती खऱ्या टेकडीच्या डोक्यावरून गेली. बाबांनी तीही काढली. राखाडी, सपाट माथ्याची, कुरूप. मी म्हटलं, ती वगळा ना. "जे दिसते ते काढाचं," ते म्हणाले. "नाही तं मंग घरीच बसून काढावं."

आईचा एकच कायदा होता. मे महिन्यात साडेनवाच्या आत घरी. नऊ पस्तीसला ती फाटकात उभी असायची आणि स्कूटर दिसली की तोंड सुरू. बाबांच्या खिशात कांदा तीच कोंबायची, पण कांद्यावर तिचा विश्वास फारसा नसावा, कारण कायदा तिनं कधी शिथिल केला नाही. चार वर्षांपूर्वी ती गेली. कांदा मी चालू ठेवला. कायद्याची आठवण ठेवायला घरात कुणी उरलं नाही.

मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. वीस वर्षांहून जास्त झाली. हळद, संगीत, वरात, विदाई, सगळं कापायचं, जोडायचं, नवरीचे अश्रू स्लो मोशनमध्ये टाकायचे. माझं स्वतःचं लग्न झालं नाही, पण लोकांची इतकी पाहिली की आता हळद दिसली तरी मान दुखते. काम वाईट नाही, पण मला कायम वाटायचं की आपल्याला येतं त्यातलं निम्मंसुद्धा इथे लागत नाही. तर अशात पुण्याहून एक दिग्दर्शिका आल्या. निसर्गचित्रं काढणारी माणसं, त्यांच्या डोळ्यांसमोर बदलत गेलेली जमीन आणि हवामान, यावर त्या माहितीपट करत होत्या. कुणीतरी त्यांना बाबांचा पत्ता दिला. मी दिवाणाखालच्या ट्रंका ओढल्या. त्यांनी चित्रं पाहिली, छान छान म्हटलं, आणि मग सहज एक चित्र उलटं केलं. चहा एक. दुसरं उलटं केलं. चहा पाऊण. त्या फरशीवर बसल्या आणि एकेक चित्र उलटं करत गेल्या. चहा करायला उठलेली मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पाहत होते. माझ्या बापाची चित्रं कुणी इतका वेळ पाहिली नव्हती. आणि त्या तर मागची बाजू पाहत होत्या.

त्यांनी मला स्थानिक सहायक म्हणून घेतलं. पहिलं संकलनही माझ्याकडे, शेवटचा हात त्यांचा. पडद्यावर माझं नाव येणार होतं. कुणाच्या लग्नाच्या सीडीवर येतं तसं नाही. खरंखुरं. बाबांना मी म्हणायचे की हे सगळं तुमच्यासाठी चाललंय. तेही खरं होतं. पण खरं किती आणि माझं किती याची वाटणी मी तेव्हा केली नाही.

मार्चचं शूटिंग मजेत झालं. पळस फुललेले, सकाळची वेळ, बाबा रंगात आलेले. कॅमेरामन फोकस लावत बसला की त्याला म्हणायचे, "काहून घाई करून राहिले गा, झाड काही पळून नाही जात." दिग्दर्शिका त्यांना सर म्हणायच्या. आयुष्यभर पोट्ट्यांकडून नुसतं "ड्रॉइंग" ऐकलेल्या माणसाला ते सर फार मानवलं. घरी आल्यावर आरशासमोर उभं राहून त्यांनी एकदा केसांना तेल लावलेलं मी पाहिलं.

मे महिन्यात त्या पुन्हा आल्या. उन्हाळ्याचे शॉट हवे होते. सकाळी सातला बाबांनी एक आभाळ केलं, चहा पाव कप झाला. दिग्दर्शिका म्हणाल्या, ऐकायला हे जबरदस्त आहे, पण पडद्यावर दिसत नाही. प्रेक्षकाला वाळणारा कागद कसा दिसणार? आम्ही त्या दिवशी सावनेरच्या एका हॉटेलात आलूबोंडे खात बसलो होतो. आणि मी, हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, मी तोंड उघडलं. म्हटलं, दुपारी करा. भर दुपारी बाबांचा ब्रश उजव्या टोकाला पोचेपर्यंत डावीकडचा कागद वाळलेला असेल. एकाच शॉटमध्ये दिसेल, चहा ओतायचीसुद्धा गरज नाही. दिग्दर्शिकांनी हातातला बोंडा खाली ठेवला. माझ्याकडे पाहून त्या म्हणाल्या, "तुम्ही इतकी वर्षं लग्नं का कापत बसलात?"

या एका वाक्यावर मी बापाला उन्हात नेलं. खोटं कशाला बोलू.

बाबांना पटलं नव्हतं. "दुपारी आभाळ असते का? पांढरं असते ते. पांढऱ्यावर पांढरं काय लावू मी?" मग थोड्या वेळानं माझ्याकडे बघत म्हणाले, "तुले पायजे का?" मी म्हटलं, हो बाबा, फार छान होईल. "मंग जाऊ," ते म्हणाले आणि सुपारी कातरायला लागले.

त्या दिवशी तापमान किती होतं ते मी सांगणार नाही. सांगितलं की ऐकणारा नागपूरकर लगेच "हे तर काहीच नाही" म्हणेल. साडेबाराला नाल्याकाठी पोचलो. पळसाला सावली अशी नव्हतीच. बाबांनी पांढरा दुपट्टा बांधला, मी त्यांच्या खिशात कांदा टाकला, घरून पन्हं पाजून आणलंच होतं. पुण्याची मंडळी दहा मिनिटांत कोमेजली. कॅमेरामन ओला रुमाल डोक्यावर टाकून बसला. बाबा आणि मी हसत होतो. "पुण्याचं पाणी पातळ असते," बाबा म्हणाले. पहिल्या वेळी गरम वाऱ्यानं कागद उडाला. दुसऱ्या वेळी खाणीच्या रस्त्यानं ट्रकांची रांग गेली, आवाज वाया गेला. तिसऱ्या वेळी सगळं जमलं, पण कॅमेरामन म्हणाला की मधे फोकस हलला. तोच म्हणाला, "सरांना थोडं गाडीत बसवू या का? एसी चालू आहे." गाडी चार पावलांवर होती. मी हसून म्हटलं, "अहो, त्यांना काही होत नाही. नागपूरचे आहेत ते."

बाबांचा चेहरा लाल होता, पण तो उन्हात लालच होतो. घाम नव्हता. मला वाटलं, बरंय, घाम वाळतोय. आमच्याकडचं ऊन कोरडं, घाम दिसतच नाही, हे मी कौतुकानं दिग्दर्शिकांनाही सांगितलं. घाम येणं बंद झालं म्हणजे काय, हे मला चार तासांनी एका डॉक्टरनं सांगितलं. मी बोर्डावर नवा कागद चिकटवला आणि म्हटलं, "बाबा, फक्त एक अजून."

त्यांनी कागद ओला केला. ब्रश निळ्यात बुडवला. डावीकडून सुरुवात केली, सावकाश, सरळ, आणि बरोबर मध्यावर हात थांबला. ब्रश कागदाच्या वर बोटभर. कॅमेरा चालू होता. सगळ्यांना वाटलं ते आभाळाकडे पाहतायत. डावीकडचा निळा आमच्या डोळ्यांसमोर वाळत गेला, त्याला कडक कडा आली. हवं होतं तेच झालं. मग बाबा माझ्याकडे वळून अगदी साध्या आवाजात म्हणाले, "तुया आईले सांग, उशीर होऊन राहिला."

तेव्हा मला कळलं. धावत जाऊन मी कॅनमधलं पाणी त्यांच्या डोक्यावर ओतलं. ते पाणी चहाइतकं गरम होतं.

नागपूरपर्यंतचा रस्ता मला आठवत नाही, फक्त गाडीतल्या एसीचा झोत आठवतो आणि त्यांच्या अंगाचा चटका. दवाखान्यात उन्हाळ्यात उष्माघातासाठी एक थंड खोली ठेवलेली असते. तिथे ओल्या चादरी, बर्फ, पंखे. आजूबाजूला बांधकामावरचे मजूर, एक भाजीवाली. त्यांना उन्हात जाण्यावाचून गती नव्हती. माझ्या बाबांना एका शॉटसाठी नेलं होतं. नर्सनं त्यांचे कपडे पिशवीत घालून माझ्या हातात दिले. पिशवीत घड्याळ, रुमाल आणि कांदा होता. कांद्याकडे तिनं पाहिलंही नाही. तिलाही अशा पिशव्या रोजच भराव्या लागत असणार.

बाबा वाचले. लोक म्हणतात, हे महत्त्वाचं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की उष्णतेनं मेंदूच्या मागच्या भागाला इजा झाली आहे. तोल आणि हाताचा नेमकेपणा तो भाग सांभाळतो. बुद्धी शाबूत, आठवण शाबूत. जीभ जड झाली. चालताना भिंत लागते. आणि हात. नुसता मांडीवर ठेवला तर अगदी स्थिर, कुणाला वाटणार नाही काही झालंय. काहीतरी करायला पुढे नेला की थरथर सुरू, आणि जितका जवळ जावा तितकी जास्त. पाण्याचा पेला ओठांपाशी येईपर्यंत अर्धा सांडतो. मी विचारलं, हे किती दिवस राहील? डॉक्टर चांगले होते. त्यांनी खोटी आशा लावली नाही.

दिवाळीच्या सुमारास बाबा म्हणाले, कागद लाव. मी गच्चीत बोर्ड मांडला, कागद ओला केला, ब्रश निळ्यात बुडवून त्यांच्या हातात दिला. हात कागदाकडे निघाला तेव्हा ठीक होता. कागदाजवळ गेला आणि ब्रश थरथरायला लागला, थेंब उडाले, कागदावर ठिपकेच ठिपके. त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं. मग दोन्ही हात थरथरले. मी पुढे होऊन हात धरायला गेले तर म्हणाले, "नको. मंग ते तुयं होईल." ब्रश मला परत दिला. आम्ही तो ओला कागद वाळेपर्यंत तिथेच बसलो, आणि बसल्या बसल्या मला इतकं रडू आलं की शेजारच्या बाई गच्चीत वाळवलेले कपडे काढायला आल्या होत्या त्या तशाच परत गेल्या. बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. ठेवलेला हात थरथरत नाही.

दिग्दर्शिकांबद्दल मी वाईट बोलणार नाही. बोलायला सोपं गेलं असतं. त्या दवाखान्यात रोज येऊन बसल्या, बिलाला हातभार लावला, सिनेमा बंद करते म्हणाल्या. मीच नको म्हटलं. निदान सिनेमा तरी व्हावा, नाहीतर हे सगळं कशासाठी झालं? फुटेज माझ्याकडे आलं. लग्नाच्या दोन कामांच्या मधे मी ते लावून बसायचे. कानाला हेडफोन लावला की चौथ्या वेळेच्या सुरुवातीला वारा, लांबचा ट्रक, आणि अगदी जवळ, स्वच्छ, एक बाई म्हणते: "बाबा, फक्त एक अजून." माझा आवाज इतका लाडिक असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. त्यानंतर तो हात. मध्यावर थांबलेला ब्रश, वाळत जाणारं निळं, पाठीमागे खाणीची राखाडी टेकडी. वीस वर्षांच्या धंद्यात मी याहून चांगला शॉट पाहिलेला नाही. हे मला कळत होतं. हेडफोन काढून मी बाथरूममध्ये जाऊन ओकले, आणि परत येऊन तो शॉट शेवटाला लावला.

पुण्याहून फोन आला. दिग्दर्शिका चाचरत म्हणाल्या, "तो शॉट ठेवायचा का, हे तुम्ही ठरवा. सरांना विचारा." मी बाबांना विचारलं नाही. ठेवा म्हटलं. मग त्या म्हणाल्या, "सुरुवातीला तुमचा आवाज आहे त्यावर."

"काढा," मी म्हटलं.

एका झटक्यात म्हटलं. आवाज काढून तिथे नुसता वारा टाकणं हे दोन मिनिटांचं काम, तेही मीच करून पाठवलं. लग्नाच्या व्हिडिओतून रुसलेल्या मामाची भांडणं काढतो तितक्या सफाईनं.

नागपुरात सिनेमा दाखवला तो जानेवारीत, संध्याकाळी, एका छोट्या सभागृहात. आत एसी इतका की लोकांनी शाली गुंडाळल्या होत्या. बाबांना पहिल्या रांगेत बसवलं, शेजारी मी. पडद्यावर मार्चमधले बाबा आले, झाड पळून नाही जात म्हणाले, लोक हसले. बाबाही हसले. मागच्या बाजूची टिपणं एकामागून एक आली. चहा एक, चहा पाऊण, चहा अर्धा. सभागृहात कुणीतरी खोल श्वास घेतला. आणि मग ती दुपार. वारा. हात. निळं वाळत गेलं. इतकी शांतता की मला बाबांचा श्वास ऐकू येत होता. ते पुढे झुकले होते. मग माझ्याकडे वळले आणि जड जिभेनं, एकेक शब्द सोडवत म्हणाले, "इथं तू बोलली होती."

मागून कुणीतरी शू केलं.

"तुया आवाज होता इथं," बाबा म्हणाले. "काहून काढला?"

दिवे लागले. लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले, बाबांकडे वळून वळून. पुढे प्रश्नोत्तरं होती. दिग्दर्शिकांनी माइक माझ्याकडे दिला. एका कॉलेजच्या प्राध्यापकांनी विचारलं की शेवटी सर ब्रश मध्येच का थांबवतात, तो क्षण फारच सूचक आहे. मी माइक धरून उभी होते. खरं उत्तर एका वाक्याचं होतं आणि ते मला पाठ होतं.

"ऊन," मी म्हटलं. "ऊन फार होतं त्या दिवशी."

प्राध्यापकांनी मान हलवली. सगळ्या सभागृहानं हलवली. पुढे अर्धा तास लोक हवामानावर बोलले, झाडांवर बोलले, खाणींवर, सरकारवर बोलले. जे बोलले ते सगळं खरं होतं. ऊन खरंच वाढलं आहे, नाला खरंच मेला आहे. पण मला त्या दिवशी कळलं की हवामान बदल हा शब्द इतका मोठा आहे की त्याच्या मागे एक अख्खी बाई आरामात लपून राहू शकते. बाबा पूर्ण वेळ मांडीवर हात ठेवून माझ्याकडे पाहत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना म्हणाले, "ते शेवटचं आण."

मी ट्रंकेतून ते आणलं. अर्धं आभाळ, मध्यावर कडक कडा, उजवीकडे कोरा कागद. त्यांनी ते टेबलावर पालथं घालायला लावलं. मागची बाजू कोरी होती. त्या गडबडीत कुणाला सुचणार.

"लिही," ते म्हणाले.

मी पेन्सिल घेतली. तारीख लिहिली. वेळ लिहिली. त्यांनी सांगितलं म्हणून वारा, गरम, असं लिहिलं. चहा नाही, असं लिहिलं. मग थांबले. खाली कारणाची ओळ राहिली होती, म्हशीची, पंक्चरची, माझ्या तापाची जागा. मी खाली मान घालून विचारलं, "कारण काय लिहू, बाबा?"

मला वाटत होतं, सांगून टाका. एकदा तरी तुमच्या तोंडून ऐकू द्या, म्हणजे माझी सुटका होईल.

"काल सांगितलं ना तू सगळ्याईले," ते म्हणाले. "ऊन. तेच लिही."

"बाबा, ते खरं नाही."

"लिही वं," ते म्हणाले, आणि हात पुढे करून पेला उचलायला लागले. चहा टेबलावर सांडत होता. मी ऊन लिहिलं.